चढणीला दम लागतो तेव्हा

गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न येत आहे. तीन-चार कुटुंबांनी मिळून जुने मोटरहोम घेतले आहे, किंवा घेण्याचा विचार आहे. सपाट रस्त्यावर ते उत्तम चालते, पण लांब चढणीवर मध्येच त्याचा जोर जातो, थोडे थांबले की परत येतो. गॅरेजमध्ये न्यावे तर तिथे गाडी शहाण्या मुलासारखी वागते, काही दोष सापडत नाही, आणि बिल मात्र येते. या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही. मात्र आमच्या चार कुटुंबांच्या सामायिक गाडीने नेमका हाच छळ मांडला होता आणि त्याचा छडा आम्ही लावला. म्हणून तीच हकिकत सविस्तर सांगतो. तुमच्या गाडीतले कारण वेगळे असू शकेल, शोधण्याची वाट मात्र बहुधा हीच राहील.

गाडी २००१ सालची आहे. फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली, ज्याला इथे ‘क्लास सी’ म्हणतात त्या जातीची. इंजिन पेट्रोलचे, ६.८ लिटरचे, दहा सिलिंडरचे, सुमारे ३०० अश्वशक्तीचे; गिअर स्वयंचलित, चार. पाण्याची टाकी, स्वयंपाकाचा गॅस, सामान आणि आठ माणसे धरून वजन १३ हजार पौंडांच्या घरात, म्हणजे जवळजवळ सहा टन. आमच्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते. वर्गणी काढून घेतलेल्या वस्तूचे एक वैशिष्ट्य असे की ती बिघडली की दुरुस्तीबरोबर माणसांचे संबंधही जपावे लागतात. कोणी चालवत असताना बिघडली, कोणी पैसे अधिक भरले, या चर्चा टाळायच्या असतील तर बिघाडाचे कारण सर्वांना पटेल असे समोर ठेवावे लागते.

लॉस एंजेलिसकडून लास व्हेगसला जाणाऱ्या १५ क्रमांकाच्या महामार्गावर बेकर नावाचे लहानसे गाव आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तिथला १३४ फूट उंच तापमापक पाहिला असेल. जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदले गेले, त्याची ती आठवण. हे गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांहूनही कमी उंचीवर आहे, आणि तिथून पूर्वेकडे रस्ता हॅलोरन समिटपर्यंत सुमारे चार हजार फुटांवर चढतो. सतरा-अठरा मैलांची सलग चढण, भोवती वाळवंट, सावलीचे नाव नाही. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या वाटेत लावलेल्या आहेत. कसारा घाटात एसटीचे इंजिन कण्हताना ज्यांनी ऐकले आहे त्यांना वाटेल की यात नवल ते काय. फरक इतकाच की घाट वळणावळणाने संपतो. ही चढण सरळ आहे आणि संपता संपत नाही.

आमची गाडी या चढणीच्या उत्तरार्धात दम टाकत असे. पन्नास मैलांचा वेग बघता बघता पंचविसावर येई. पाय पूर्ण दाबला, गिअर खाली आला, तरी गाडीला ओढ नाही. हलके हिसके बसत, आणि मागून ताशी सत्तर मैलांनी येणारे मालट्रक भोंगे वाजवत अंगावरून जात. कडेला घेऊन दहा-पंधरा मिनिटे इंजिन बंद ठेवले की ती पुन्हा काही मैल नीट चाले. डॅशबोर्डावरचा इंजिनाचा पिवळा दिवा एकदाही लागला नाही. सहा टनांचे वाहन महामार्गावर पंचवीस मैलांनी सरपटते तेव्हा ती केवळ गैरसोय राहत नाही. मागे माणसे बसलेली असतात, आणि त्या उन्हाळ्यात त्यांत आमच्यापैकी दोघांचे आईवडील होते. सहा महिन्यांच्या मुक्कामापैकी त्यांचे सात आठवडे उरले होते आणि ग्रँड कॅन्यन अजून व्हायचे होते.

पहिल्या गॅरेजने संगणक जोडून पाहिला, दोषाचा संकेतांक मिळाला नाही, तेव्हा इंधनाचा फिल्टर बदलला आणि पाठोपाठ सर्व दहा स्पार्क प्लग व दहा इग्निशन कॉइल बदलल्या. बिल १,९०० डॉलर. त्यानंतर तीन आठवडे गाडी उत्तम चालली. ते तीन आठवडे हवा थंड होती, या गोष्टीकडे गॅरेजचे लक्ष गेले नाही. उन्हाळा तापला आणि दुखणे परतले. दुसऱ्या गॅरेजने गिअरबॉक्स घसरतो आहे असे निदान केले आणि तो उघडून नव्याने बांधण्याचे ४,८०० डॉलर सांगितले. चारपैकी दोन कुटुंबांचे मत पडले की गाडी विकून मोकळे व्हावे. मी एवढेच सुचवले की निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलू आणि आधी मोजू.

इथे थोडा थांबतो, कारण पुष्कळांची गाडी याच वळणावर चुकते. जोर कमी होणे आणि बिघाड असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन उंचीवर जाते तसे त्याला मिळणारी हवा विरळ होते, आणि दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के शक्ती घटते. कोलोरॅडोत ७० क्रमांकाच्या महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांहून उंच आहे. तिथे निरोगी इंजिनही आपली एक तृतीयांश शक्ती गमावून बसते. तिथे गाडी हळू चालली म्हणून मेकॅनिककडे धावणे म्हणजे डोंगर चढताना धाप लागली म्हणून हृदयविकाराचा दवाखाना गाठण्यासारखे आहे. बेकरची चढण मात्र चार हजार फुटांवर संपते. घट फार तर बारा टक्के असावी. तेवढ्याने पन्नासाचे पंचवीस होत नाहीत.

दुसरा हिशेब इंधनाचा. शंभर फुटांना पाच फूट चढ धरला आणि वेग ताशी ४५ मैल धरला, तर १३ हजार पौंडांचे वजन नुसते वर उचलण्यासच सुमारे ७८ अश्वशक्ती लागते. त्यात वाऱ्याचा आणि चाकांचा विरोध, गिअरबॉक्समधली घट आणि एसी धरले की इंजिनाकडून दीडशे ते दोनशे अश्वशक्तीची मागणी होते. तेवढ्या कामाला इंजिन ताशी पंधरा गॅलनांच्या आसपास पेट्रोल पिते. सपाट रस्त्यावर ताशी ५५ मैलांनी जाताना हीच गाडी ताशी सहा-सात गॅलनांवर भागवते. म्हणजे इंधन पुरवणाऱ्या यंत्रणेची क्षमता निम्म्यावर आली असली तरी सपाटीवर चालकाला पत्ताही लागणार नाही. आमच्या प्रकरणाची किल्ली या हिशेबात होती.

मग आम्ही एक वही केली. चालवणाऱ्याने प्रत्येक वेळी लिहायचे: बाहेरचे तापमान, टाकीत पेट्रोल किती, किती मिनिटे सलग चाललो, चढण होती का, हिसके नियमित की अनियमित, किती वेळ थांबल्यावर गाडी पूर्ववत झाली. आमच्यातील एका ताईंनी त्यात स्वतःहून एक रकाना वाढवला: एसी चालू होता की बंद. सॉफ्टवेअरच्या धंद्यात कधी येणाऱ्या आणि कधी न येणाऱ्या चुकीपुढे हुशारी चालत नाही, नोंदच चालते. पण हे सांगायला संगणकाची पदवी लागत नाही, तापाचा तक्ता भरणाऱ्या परिचारिकेला ते आधीपासून ठाऊक असते. सात घटनांनंतर वही बोलू लागली. टाकी भरलेली असो वा रिकामी, फरक नव्हता. गाडी तापल्यावाचून, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावाचून, हे कधीच घडले नव्हते. बाहेर नव्वद अंशांखाली असताना एकदाही नाही. आणि इंजिनाचा थरकाप, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात, तो कोणालाच जाणवला नव्हता.

या नोंदींनी काही संशयित तत्काळ मोकळे झाले. टाकीच्या तळाशी बसलेला कचरा पंपाच्या जाळीला चिकटतो, गाडी थांबली की गळून पडतो आणि जोर परततो, हा प्रकार जुन्या मोटरहोममध्ये नेहमीचा आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तो विशेष आढळतो. आमच्या लक्षणांशी तो चांगला जुळत होता, परंतु तो थंड हवेतही घडायला हवा होता. टाकीला हवा आत घेण्याची वाट बंद झाली असेल तर पंप ओढत राहतो आणि टाकीत निर्वात तयार होतो. अशा वेळी टाकीचे झाकण उघडताच फुसकन आवाज येतो आणि गाडी सुधारते. आम्ही कडेला थांबून झाकण उघडून पाहिले: आवाज नाही, फरक नाही. ही शक्यता कोणी हसण्यावारी नेऊ नये. माझदा कंपनीने २०११ मध्ये आपल्या माझदा ६ या मोटारी परत बोलावल्या होत्या, कारण पेट्रोलच्या वासाकडे ओढल्या जाणाऱ्या एका पिवळ्या कोळ्याने टाकीच्या वायुमार्गात जाळी विणली होती आणि निर्वातामुळे टाकीला तडा जाण्याचा धोका होता. मोटारीचा विद्वान अभियंता एका बाजूला आणि कोळी दुसऱ्या बाजूला!

जाणत्या मंडळींनी ‘व्हेपर लॉक’चे नाव घेतले. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पंप पोकळ चालणे, हा तो विकार. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कार्बोरेटरच्या मोटरहोमांना तो खरोखर होत असे, आणि पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून हिंडणारी माणसे इथल्या जुन्या छावण्यांत अजून भेटतात. त्या गाड्यांत पंप इंजिनावर बसवलेला असे आणि तो लांबून इंधन ओढून घेई. आता पंप टाकीतच, इंधनात बुडालेला असतो आणि नळीतले इंधन दाबाखाली असते, म्हणून ही व्याधी पुष्कळच विरळ झाली आहे.

यानंतर खरी मोजणी. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना दोषनिदानासाठी सोळा टोचणांचे ठरावीक कनेक्टर असते. आमच्या या जड चासीवरही ते स्टिअरिंगखाली आहे. त्याला जोडायचे वीस-तीस डॉलरांचे यंत्र आणि फोनवरचे ॲप एवढ्यावर बरेच काम भागते, पण एक अट आहे. केवळ संकेतांक वाचू नका, गाडी चालत असताना आकडे नोंदवा. चालकाने रस्त्याकडे पाहावे. फोन दुसऱ्याच्या हाती असावा. आम्ही इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, थ्रॉटल किती उघडा आहे, आत येणाऱ्या हवेचे वजन आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज असे पाच-सहा आकडे निवडले. सर्वच आकडे मागितले की जुना संगणक ते फार सावकाश देतो आणि नेमका क्षण निसटतो.

एकाच फेरीत गिअरबॉक्सचा खटला निकालात निघाला. गिअरबॉक्स घसरत असेल तर वेग उतरताना इंजिनाचे फेरे वाढतात, कारण इंजिन मोकळे सुटते. आमच्या नोंदीत फेरे आणि वेग एकाच प्रमाणात खाली येत होते. दोघांची गाठ घट्ट होती. गिअरबॉक्स आपले काम करत होता, त्याला मिळणारी शक्तीच कमी होती. ४,८०० डॉलरांचा प्रश्न दोन रेषांच्या आलेखाने सोडवला, आणि तो आलेख चारही कुटुंबांना एका दृष्टिक्षेपात कळला.

ऑक्सिजन सेन्सरनी पुढची वाट दाखवली. पूर्ण जोर मागितला असता संगणक इंधन मुद्दाम किंचित जास्त देतो, आणि तेव्हा या सेन्सरचे व्होल्टेज ०.८ च्या वर राहायला हवे. जोर गेला त्या क्षणी आमचे दोन्ही बाजूंचे सेन्सर ०.१ वर आले होते: हवा पुरेशी आणि इंधन अपुरे. दोन्ही बाजू एकदमच उपाशी, म्हणजे दोष एखाद्या कॉइलचा वा इंजेक्टरचा नसून दोघींना सामाईक असलेल्या कशाचा तरी. सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असता तर चित्र उलटे दिसले असते: धूर बाहेर पडेना म्हणून हवाच आत कमी येते आणि इंधनाचा तुटवडा दिसत नाही. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली तरी चढणीवर इंधन कमी पडते हे खरे. पण धूळ दहा मिनिटांच्या विश्रांतीने उडून जात नाही. आणि पिवळा दिवा का लागला नाही, याचा उलगडाही इथेच झाला. इंधन आणि हवा यांच्या प्रमाणाची चूक संगणक प्रामुख्याने नेहमीच्या मध्यम चालीत तपासतो. पूर्ण जोर मागितला की तो सेन्सरकडे पाहून दुरुस्ती करणे थांबवतो. ज्या क्षणी आम्ही संकटात होतो त्या क्षणी पाहणाऱ्याने डोळे मिटलेले होते. दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही, असे जो मेकॅनिक म्हणतो त्याला हे एकदा नम्रपणे विचारावे.

आता इंधनाचा दाब. इंजिनावरच्या इंधननळीला सायकलच्या ट्यूबसारखी एक वाल्व्ह असते, तिला दाबमापक जोडता येतो. मेकॅनिक लांब नळीचा मापक बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवतात. ती नळी केबिनच्या आत कधीही घेऊ नये; पेट्रोलची गळती आणि बंद केबिन यांची गाठ घालून देऊ नये. हे काम आम्ही एका अनुभवी मेकॅनिककडून, त्याच्या तासाचे पैसे मोजून करून घेतले. आमच्या गाडीत दाब नियंत्रित करणारे साधन इंजिनाच्या निर्वाताशी जोडलेले आहे. म्हणून जोर मागितला की दाब थोडा चढला पाहिजे. चढणीच्या प्रारंभी तो चाळिशीच्या आसपास चढला. बारा मैलांनंतर काटा तिशीकडे सरकू लागला आणि जोर गेला तेव्हा पंचविसाच्या खाली होता. आता प्रश्न उरला तो पंपाचा.

बहुतेक ठिकाणी इथेच पंप बदलतात. टाकी उतरवायची, पंचावन्न गॅलनांची, आणि नवा पंप टाकायचा. हजाराहून अधिक डॉलर सहज जातात. मेकॅनिक तयारही होता. परंतु पंप म्हणजे अखेर विजेची मोटर. तिला पूर्ण वीज मिळत असताना ती कमी ढकलते, की मिळणारी वीजच कमी आहे, हे पाहिल्यावाचून तिला दोषी ठरवणे न्यायाचे नव्हते. आणि हे पाहायला चढण लागत नव्हती. आमच्या गाडीतला पंप इंजिन चालू असेपर्यंत एकाच वेगाने चालतो आणि जास्तीचे इंधन टाकीत परत येते. (अलीकडच्या अनेक गाड्यांत पंपाचा वेग संगणक बदलतो, तिथे ही मोजणी निराळी.) म्हणून एका शनिवारी दुपारी, शंभर अंशांच्या उन्हात, गाडी दारात उभी करून इंजिन चालू ठेवले आणि पंपाच्या तारांवर मल्टिमीटर लावला. आरंभी १३.२ व्होल्ट. वीस मिनिटांनी १२.१. चाळीस मिनिटांनी १०.६. बॅटरीवर मात्र सगळा वेळ १३.८ कायम. तीन व्होल्टांहून अधिक वीज वाटेत कुठेतरी खर्च होत होती.

दोष अधूनमधून नव्हताच. गाडी दारात नुसती उभी असतानाही तो हजर होता. केवळ त्याचे लक्षण अधूनमधून दिसत होते, कारण सपाटीवर पंपाची अर्धी ताकदही पुरून उरत होती.

वीज कुठे खर्च होते ते शोधणे त्यानंतर सरळ असते. मल्टिमीटरची एक टोचणी जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, आणि वीज वाहत असताना मोजायचे. तार काढून ओहममध्ये मोजू नये. दहापैकी एकच धागा उरलेली तारही तिथे निर्दोष दिसते. फ्यूज ठीक, रिले ठीक. फोर्डच्या त्या काळच्या गाड्यांत अपघाताचा धक्का बसताच पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. आमच्या गाडीत तो पुढच्या प्रवाशाच्या पायांजवळ, बाजूच्या पत्र्यामागे आहे. त्याच्या कनेक्टरवर एकट्या २.६ व्होल्टांची घट मिळाली. पंप साडेसहा अँपिअर घेत होता. गुणाकार केला तर सतरा वॅट. बोटाच्या पेरापेक्षाही लहान जागेत सतरा वॅटची शेगडी! कनेक्टर काढला तेव्हा प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले होते आणि एका टोचणीचा रंग निळसर काळा पडला होता.

सगळ्या नोंदी आता एका रांगेत बसल्या. जोड सैल, म्हणून तापतो. तापला की विरोध वाढतो, म्हणून आणखी तापतो. या चासीत इंजिनाचा अर्धा भाग दोन आसनांच्या मधे झाकणाखाली असतो. लांब चढणीवर ते झाकण इतके तापते की पाय बाजूला घ्यावे लागतात, आणि कनेक्टर त्याच उष्णतेत राहतो. दहा मिनिटे इंजिन बंद ठेवले की पंपाची वीज थांबते, जोड निवतो आणि गाडी परत शहाणी होते. ताईंच्या रकान्याचाही अर्थ लागला: एसी चालू असताना घटना उशिरा घडत, कारण थंड हवेचा झोत पायांकडे येत होता. पाट्यांचे ऐकून आम्ही एसी बंद करत होतो आणि इंजिनाला मदत करता करता कनेक्टरला भाजत होतो. पंप बदलला असता तर काय झाले असते? नवा पंप थोडा जोमदार, म्हणून कदाचित एक हंगाम निघाला असता. आणि तो वितळता जोड पायांजवळ तसाच राहिला असता.

दुरुस्तीस नवा स्विच आणि तारांसकट नवा कनेक्टर लागला. मिळून पन्नास डॉलरांच्या आत. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळली नाही, योग्य मापाच्या जोडनळीत दाबून बसवल्या. त्यानंतर पुन्हा तीच चाळीस मिनिटांची दुपारची चाचणी घेतली: पंपावर १३.३ व्होल्ट, शेवटपर्यंत. मग मापक लावून बेकरची चढण, आठ माणसांच्या वजनाइतक्या पाण्याच्या पिंपांसह, आणि माणसे मात्र दोनच. दाब चाळिशीखाली आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात वडीलधारी मंडळी ग्रँड कॅन्यनला जाऊन आली.

तुमची गाडी डिझेलवरची असेल तर संशयितांची यादी बदलते. तिथे इंधनाच्या फिल्टरपासून आरंभ करावा, कारण डिझेलमधले पाणी आणि शेवाळासारखा गाळ तिथेच अडतो. मग टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी नळ्या, ज्यांची चीर थंड असताना मिटलेली असते आणि दाब वाढताच उघडते. नव्या डिझेल गाड्यांत आणखी एक प्रकार आहे: धुराच्या शुद्धीकरणात दोष दिसला की संगणक स्वतःच जोर कापतो. पेट्रोलच्या नव्या गाड्यांतही पायाखालच्या पेडलचा सेन्सर बिघडला तर असेच होते. त्या वेळी बहुधा दिवा लागतो आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू करताच तात्पुरता जोर परततो. दहा मिनिटे थंड होण्याची गरज पडत नाही. विश्रांतीने बरे होते की नुसत्या किल्लीने, हे वहीत अवश्य नोंदवा.

भाड्याने घेतलेल्या मोटरहोमचे कोणी विचारले होते. तिथे स्वतः काही उघडू नका. वेळ, ठिकाण, तापमान आणि डॅशबोर्डचे चित्रीकरण, तेही सहप्रवाशाने केलेले, कंपनीकडे त्याच दिवशी लेखी पाठवा. महामार्गावर जोर गेला तर धोक्याचे दिवे लावून उजवीकडच्या मार्गिकेत या, वळणावर वा बोगद्याच्या तोंडाशी थांबू नका, आणि थांबल्यावर माणसांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे न्या. पेट्रोलचा वास आला तर स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बंद करा आणि इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नका.

गॅरेजबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिचा उपयोग फार कमी लोक करतात. कॅलिफोर्नियात दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी गॅरेजने लेखी अंदाजपत्रक देऊन तुमची संमती घ्यावी असा कायदा आहे, आणि काम सांगतानाच मागणी केली तर काढलेले जुने भाग परत मागता येतात. तेव्हा काम देताना ‘हे बदला’ असे म्हणू नका. ‘जोर गेलेला असताना इंधनाचा दाब आणि पंपावरचे व्होल्टेज मोजून कागदावर लिहून द्या, एवढ्याचेच पैसे सांगा’ असे म्हणा. चांगला मेकॅनिक या वाक्याने खूश होतो.

आमची वही गाडीच्या खणात आहे. तिच्या पहिल्या पानाची मांडणी कोणाला हवी असल्यास संपादकांकडे कळवावे; पुढील अंकासोबत ती देता येईल.